पट्टी वाचणारी

पाथर्डी, नाशिक
८ ऑगस्ट १९९८

दादा,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं ते शाळेत शिकवलं होतं. पण सात वर्षांनी तुला लिहायला बसल्यावर त्यातलं एकही वाक्य खरं वाटेना, म्हणून सरळ लिहिते. मी मनीषा. तुझा मनमाडचा पत्ता मला वहिनींच्या घोटीच्या मावशींनी दिला. त्या आधी नाहीच म्हणाल्या होत्या. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीनदा गेले होते.

मला नोकरी लागली. बी.कॉम.चा निकाल लागल्यावर महिन्याभरात, अंबडच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसमध्ये. कामगारांची हजेरी मांडायची, पगारपत्रक करायचं, पाकिटं भरायची. काल माझा स्वतःचा पहिला पगार झाला. सव्वीसशे रुपये. कापून हातात दोन हजार तीनशे अकरा. मी ते पाकीट भरताना तीनदा मोजलं, कारण स्वतःच्या पाकिटात एक नोट जास्त गेली तर लोक काय म्हणतील, अशी भीती वाटली.

घरी आल्यावर आईनं पाकीट देवापुढं ठेवायला सांगितलं. हळदकुंकू वाहिलं. नाना ओट्यावर बसले होते, ते उठून आत आले, पाकीट उचललं, पैसे खिशात घातले आणि आतली पगाराची चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

"वाच."

तुला आठवत असेल. फुलबाजारातून आले की नाना आडत्याची पट्टी अशीच माझ्यापुढं टाकायचे. गुलाब किती किलो, भाव काय, आडत किती, हमाली किती, तोलाई किती. चौथीत होते तेव्हापासून मी पट्टी वाचते. एकदा आडत्यानं हमाली दोनदा लावली होती ती मी धरली, तेव्हा नानांनी सगळ्या आळीत सांगितलं होतं, आमच्या मनीला फसवणारा अजून जन्माला यायचाय. तशीच मी काल माझी चिठ्ठी वाचली.

"हे कापल्यालं कुढं गेलं?"

"प्रॉव्हिडंट फंड, नाना. नोकरी सुटल्यावर मिळतो."

"म्हंजी हमाली."

"हमाली नाही. आपलेच पैसे असतात ते."

"आपलेच हायेत तर कापायचे कशाला? चोर हायेत का आपण?"

आई हसली. मीही हसले. मग नानांनी त्यातले दीडशे रुपये मला दिले, सायकलचा टायर आणि डब्यासाठी म्हणून. मी ते घेतले आणि थँक्यू म्हणाले, दादा. माझ्याच पगारातल्या पैशांना. नंतर मला कसंतरीच झालं.

म्हणून तुला विचारायचं आहे. तू पाच वर्षं पगार आणलास. तू पहिल्या पगाराचं काय केलं होतंस? सगळा दिलास? आईबापांना न देता मागं ठेवणं ही चोरी होते का? ऑफिसातले लोक म्हणतात, पगारातला दहावा भाग तरी आधी बाजूला टाकायचा, मग उरलेल्यात घर चालवायचं. आपल्याकडं तसं कधी कुणी केलेलं मी पाहिलं नाही. आपल्याकडं पैसा म्हणजे तोडलेली फुलं, सगळी बाजारात जायची.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. तू गेलास त्या दिवाळीची. तुला वाटतं तसं ते झालं नव्हतं. पण मी तेव्हा लहान होते, मला सगळं नीट आठवत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

वहिनींना नमस्कार.

तुझी
मनीषा


१३ सप्टेंबर १९९८

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. पण पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते.

दुसरा पगार झाला. या वेळी मी एक केलं. पोस्टात शंभर रुपयांचं रिकरिंग खातं काढलं. पाच वर्षं दर महिन्याला शंभर. नानांना सांगितलं नाही. दीडशेतले शंभर पोस्टात गेले, उरले पन्नास, म्हणून टायर अजून जुनाच आहे आणि डब्यात मी घरूनच भाकरी नेते. म्हणजे मी नानांचं काही घेतलेलं नाही, मला दिलेल्यातलंच ठेवलं. असं मी रोज स्वतःला सांगते. तरी पासबुक कुठं ठेवू हे कळेना. शेवटी टायपिंगच्या जुन्या पुस्तकात ठेवलं. नाना ते पुस्तक उघडणार नाहीत. उघडलं तरी वाचायला मलाच बोलावतील.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्या कारणानं. आमच्याकडं भिकन म्हणून एक वेल्डर आहे, मालेगावकडचा. पगाराच्या आदल्या दिवशी खिडकीशी आला.

"ताई, एक काम करा ना. माझं ओव्हरटाइमचं पाकीट वेगळं द्या. चिठ्ठी पण वेगळी."

मी म्हटलं, "असं करता येत नाही. एका माणसाची एकच चिठ्ठी."

"अहो, जुने साहेब द्यायचे की. घरी धाकटा भाऊ चिठ्ठी वाचतो माझी. मोठ्यानं. सगळ्या घराला."

"मग वाचू दे ना. लपवायचं कशाला?"

तो मग हसला आणि मागच्या माणसाला म्हणाला, "ताईंचं लग्न नाय झालं अजून. चल, पुढं हो." मग मला म्हणाला, "ताई, पगार घरचा असतो. ओव्हरटाइम आपला असतो. दोन तास जास्त उभं राहिलं की माणसाला वाटतं, एवढं तरी आपलं."

मी खिडकी बंद केली आणि पुढचा अर्धा तास कुणाचंच पाकीट मला बरोबर मोजता आलं नाही.

दादा, तुझ्या कारखान्यात ओव्हरटाइम बावीस तारखेला वेगळा मिळायचा. आपल्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. फक्त वहिनींना माहीत होतं. म्हणून तर तू त्या वसुबारसेला त्यांच्याकडं पाहिलंस. मी तिथंच शेवंतीचे हार करत होते. नाना म्हणाले, "दर म्हयन्याचे तीनशे अठ्ठ्याऐंशी रुपये कुढं जात्यात?" तू विचारलंस, "कोणी सांगितलं?" नाना म्हणाले, "घरातल्यानंच." आणि तू वहिनींकडं पाहिलंस.

मी मागच्या वेळी लिहिलं, की मी लहान होते. मी चौदा वर्षांची होते. नववीत होते. मला सगळं आठवतं.

पुढचं आज लिहवत नाही. पण लिहिणार आहे.

मनीषा


११ ऑक्टोबर १९९८

दादा,

आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. घरात सगळे फुलं तोडायला गेलेत. दसऱ्याचा झेंडू संपला, आता दिवाळीचा तोडा सुरू होईल.

नानांना मी सांगितलं. वहिनींनी नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी हौदावर कपडे धूत होते. तुझ्या पँटच्या मागच्या खिशात कागदाची घडी होती. ओली झाली होती पण अक्षरं दिसत होती. इंग्रजी होतं. मला तोवर नानांनी फक्त मराठी पट्ट्या दिल्या होत्या. मला वाटलं, बघू, आपल्याला ही येते का. मी एकेक ओळ लावली. वरती तुझं नाव होतं. तास होते, दर होता, खाली बेरीज होती. मी गुणाकार करून पाहिला, तो बरोबर आला. मला इतका आनंद झाला दादा, की मी तशीच ओल्या हातांनी नानांकडं पळत गेले. मला इंग्रजी पट्टी वाचता आली, एवढंच डोक्यात होतं. देवाशपथ एवढंच होतं.

नानांनी ऐकून घेतलं. शेवटपर्यंत. मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं होतं, की आपण काय वाचतोय. मी थांबले नाही. पट्टी अर्धी वाचून कसं थांबायचं ते मला कधी शिकवलंच नव्हतं. पट्टी वाचायची म्हणजे कुणी फसवतंय का ते शोधायचं, हेच मी घरात शिकले होते. आणि त्या दिवशी फसवणारा म्हणून तू सापडलास.

नाना म्हणाले, "चुलीत टाक ती." मी टाकली.

दुसऱ्या दिवशी तू वहिनींकडं पाहिलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं. माझ्या हातात सुई होती. मी पुढचं फूल ओवलं. नंतर तू ट्रंकेतून चौतीसशे रुपये काढून नानांपुढं ठेवलेस. इंदिरानगरच्या त्या एका खोलीच्या बुकिंगसाठी होते ते, हे मला फार नंतर कळलं. तू वहिनींना म्हणालास, "झालं समाधान?" मला वाटलं, आता त्या माझं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं, त्यांना माहीतच नाही. देवदिवाळीच्या आत तुम्ही दोघं निघून गेलात.

त्या चौतीसशे रुपयांची विहिरीवर मोटार बसली. तिच्यावर गुलाब वाढला आणि गुलाबावर माझं कॉलेज झालं. यातलं काहीच मला परत करता येत नाही, म्हणून निदान खरं तरी सांगते.

मागच्या आठवड्यात मी नानांना विचारलं, "तेव्हा माझं नाव का नाही घेतलं?" त्यांनी हातातलं खुरपं घासून खाली ठेवलं. मग म्हणाले, "लेकीचं नाव कशाला घ्यायचं? भाऊ तुटला आस्ता तुझा." मी म्हटलं, "आणि वहिनींचं काय?" तर म्हणाले, "ती त्याची बायको हाय. नवराबायकोचं मिटतं."

मिटलं का, दादा? मावशी म्हणाल्या, पहिलं वर्षभर तू वहिनींशी धड बोलत नव्हतास. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तू माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, पण वहिनींना विचार, आणि त्या जे सांगतील त्यावर विश्वास ठेव. त्यांनी काही केलेलं नाही.

मनीषा


८ नोव्हेंबर १९९८

सुवर्णा वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. एका घरात दोन वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं.

तुम्ही लिहिलंत, की माझं दुसरं पत्र वाचून दादा म्हणाला, "हिला काय सांगायचंय?" आणि म्हणून तिसरं आलं ते तुम्ही तो वर्कशॉपला गेल्यावर फोडलं आणि त्याला दाखवलं नाही. आधी मला राग आला. खोटं कशाला सांगू. एवढा धीर गोळा करून लिहिलं आणि ते पोचलंच नाही. मग मी तुमचं पत्र पुढं वाचलं.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती पँट तुम्हीच धुवायला माझ्या हातात दिली होती. आणि तरी तुम्ही बोलला नाहीत, कारण तुम्हाला वाटलं, पोर आहे, हिला आपल्या देखत मार बसेल. वहिनी, मला मार बसायला हवा होता.

बाकीचं मी तुमच्याच शब्दांत इथं उतरवते. मला ते समजलं आहे ना, हे तुम्हीच बघा. "मनमाडला आल्यावर वर्षभर रोज विचारायचे, तूच सांगितलंस ना? नाही म्हटलं की ताटावरून उठायचे. एक दिवस मी हो म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. महिना दीड महिना धुमसले आणि मग म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं, मी माफ केलं तुला. तेव्हापासून आमचं बरं चाललंय. पगार झाला की माझ्या हातात देतात. आता तुम्ही खरं सांगितलंत तर त्यांना कळेल, की वर्षभर त्यांनी मला फुकट छळलं, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. त्यांनी मला माफ केलंय, त्यावर हे घर उभं आहे, मनीषाताई. तुम्हाला हलकं वाटेल, पण तुमचं ओझं तुम्ही माझ्या दारात आणून ठेवाल."

समजलं. फार उशिरा समजलं, पण समजलं.

तुम्ही सांगता तसं करते. दादाला साधं पत्र लिहिते. त्याला शंका राहायला नको म्हणून सांगायची गोष्ट कोणती होती तेही लिहिते. दुसरीच एक गोष्ट लिहिते. मला खोटं लिहिता येत नाही, हात थांबतो. पण ही गोष्ट खरीच आहे, फक्त ती नाही.

माझं तिसरं पत्र तुम्ही जाळलंत, बरं केलंत. आणि एक विचारू का? तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, "टायर बदलून घ्या, जुन्या टायरवर रस्त्यानं जाऊ नका." ते वाचून मी रडले. तुम्ही असं लिहायला नको होतं.

तुमची
मनीषा


१५ नोव्हेंबर १९९८

दादा,

मागच्या पत्रात उगाच कोडं घातलं होतं, त्याबद्दल माफ कर. सांगायचं होतं ते त्याच पत्रात वर लिहिलेलं होतं, की मी पोस्टात शंभर रुपयांचं खातं काढलं आहे आणि नानांना सांगितलेलं नाही. तुझ्यावेळचं सगळं आठवून मला भीती वाटत होती, म्हणून जुन्या गोष्टी लिहिल्या. दुसरं काही नव्हतं.

आता तू सांग. असं ठेवलेलं बरोबर आहे का? दिवाळीचा बोनस मिळाला, तो सगळा घरी दिला. टायर बदलला.

आई बरी आहे. नानांची एका डोळ्याची दृष्टी कमी झाली आहे, पण फुलं अजून स्वतः वेचून भरतात.

वहिनींना नमस्कार.

मनीषा


२० डिसेंबर १९९८

दादा,

तुझं पत्र आलं. मी ते ऑफिसात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत परत वाचलं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही तू ओळ संपेपर्यंत वर चढत जातोस.

आईला वाचून दाखवलं. दुसरं पान नाही, पहिलंच. तुझी खुशाली, वर्कशॉपची लेथ, तुला चष्मा लागला ते. तिनं ते पान हातात घेतलं, आणि आज मी लिहायला बसेपर्यंत तिच्याकडंच होतं. नाना बाहेर ओट्यावर होते. त्यांनी विचारलं नाही, पण हातातलं काम थांबवून बसले होते, मी वाचून संपवेपर्यंत.

पैशाचं तू सांगितलंस तसं करते. पगार झाला की आधी पोस्टात, मग घरी. दीडशेतले नाही, पगारातलेच दोनशे. लग्नाआधी सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम जमायला हवी आणि ती कुणाच्या सहीशिवाय काढता यायला हवी, हेही लिहून ठेवलं. विमा सध्या नको, एजंट नातेवाईक असला तरी नको, हेही. तू मला "मने" म्हणून लिहिलंस. मला वाटलं होतं, तू ते विसरला असशील.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंस, "जे मागं ठेवशील ते घरात कुणाला सांगू नकोस. अगदी जवळच्या माणसालाही नाही. मी एकाच माणसाला सांगितलं होतं. माणूस वाईट नाही, मी कधीच माफ केलंय, पण तोंडातून गेलं ते गेलं. तू तरी शहाणी हो."

वाचलं, दादा. बरं. नाही सांगणार कुणाला.

मनीषा